अळणी ताट

एका राज्यात एक कडक रीत होती. घरात कुणाचा खून झाला, की वारसाने मीठ सोडायचे आणि खुन्याचे रक्त सांडल्यावरच ते पुन्हा चाखायचे. ज्या घरचे मीठ खाल्ले त्या घरावर शस्त्र उचलता येत नाही, म्हणून ही अळणी शपथ. रीत घालणारे स्वतः मात्र चवीने जेवत असावेत!

राजपुत्र अंशुमंत लहानपणापासून अळणी जेवत होता. त्याचे वडील राजा अरिंजय यांना राणी सुवर्चलेने, म्हणजे त्याच्याच आईने, ठार केले होते. का, ते त्याला कुणी सांगितले नव्हते. तो दूर आश्रमात वाढला. वयात येताच राजाची छाया त्याच्यापुढे उभी राहिली. "माझी तलवार मांत्रिक कालदंष्ट्राकडे आहे. ती आण, माझा सूड घे आणि मला मुक्त कर."

अंशुमंत मांत्रिकाच्या गुहेशी गेला. मांत्रिक म्हणाला, "तीन कामे कर, तलवार तुझी."

पहिले काम, आगीच्या तळ्यातले निळे कमळ आणायचे. ते त्याने आणले. दुसरे, चालता डोंगर थांबवायचा. "दमलास का रे?" असे त्याने मायेने विचारले आणि डोंगर मटकन खाली बसला. तिसरे काम अगदी सोपे होते. पिंजऱ्यातल्या साळुंकीची मान मुरगळायची.

अंशुमंताने पिंजऱ्याचे दार उघडले. साळुंकी म्हणाली, "दादा, मी कुंदा."

धाकटी बहीण! ती तापाने गेली असेच तो ऐकत आला होता. "वडिलांनी मला याच्या हवाली केले आणि सोन्याने भरलेले रांजण नेले," साळुंकी म्हणाली. "मला मारून टाकले असे आईला वाटले. म्हणून तिने त्यांना मारले."

अंशुमंताने हात मागे घेतला. मांत्रिक खदखदा हसला. "काम केले नाहीस, तरी तलवार घे. माझी विद्या सुडावर पोसते आणि तुझ्या घरात एक सूड अजून शिल्लक आहे."

साळुंकीला खांद्यावर घेऊन अंशुमंत राजवाड्यात आला. रीतीप्रमाणे दरबार भरला होता. उंबरठ्यावर राजाची छाया ताटकळत होती. राणीने दोन ताटे वाढून ठेवली होती. ती म्हणाली, "आधी जेव. अळणीच आहे."

"दुसरे ताट कुणाचे?"

"माझे. तेही अळणी."

"आईसाहेब, आपला सूड तर पुरा झाला."

"झाला. त्याच दिवशी मी मीठ तोंडात घातले. गिळवले नाही, बाळा."

अंशुमंताने तलवारीची मूठ धरली आणि पुन्हा सोडली. बिचारा! वार करावा तर आई जाते, न करावा तर वडील तसेच उंबरठ्यावर राहतात. तो छायेकडे वळला. "महाराज, आपल्या खुनाचा न्याय मी मागायचा. या कुंदेचा न्याय मी कुणाकडे मागू?"

छायेने साळुंकीकडे पाहिले.

"माझ्याकडे," राजा म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

"कुंदा जिवंत आहे?" राणीने साळुंकीकडे हात पुढे केले.

अंशुमंताने तलवार दरबारापुढे ठेवली. "वडिलांनी अपराध केला आणि आईनेही केला. यापुढे खुनाचा निवाडा दरबार करील, वारस नव्हे."

दरबारात बरीच वादावादी झाली. शेवटी ठरले, की राणीने मुकुट उतरवावा, वाड्याबाहेर झोपडीत राहावे आणि राजाच्या समाधीपाशी रोज दिवा लावावा.

"मान्य," असे म्हणून राणीने मुकुट उतरवला. एवढे हलके तिला कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

"मलाही मान्य," छाया म्हणाली आणि विरून गेली. सुडाविना मांत्रिकाची विद्या उपाशी मेली, रांजणातल्या सोन्याची राख झाली आणि अंशुमंताच्या खांद्यावरून एक मुलगी खाली उतरली. तिला सपाटून भूक लागली होती.

त्याच दिवशी झोपडीत चूल पेटली. राणीने इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच भाजीत मीठ घातले आणि तिघे जेवायला बसले.

"आई, खारट झालीय गं," कुंदा म्हणाली.

राणीला रडू आवरेना. अंशुमंताने मात्र ती भाजी पुन्हा वाढून घेतली.