पिटुकलीची शेंग आणि मुसळधार पाऊस

एक होती पिटुकली उंदरी. तिला सापडली एक शेंग. भुईमुगाची, टम्म फुगलेली. शेंग घेऊन पिटुकली निघाली. टुणुक टुणुक.

अंगणात होतं दगडी उखळ. शेंग निसटली नि पडली उखळात. टप्प.

उखळ खोल. उखळ गुळगुळीत. आत उतरावं तर वर कसं यावं? पिटुकलीला रडूच आलं. जेवणच गेलं की तिचं.

शेजारी मुसळ उभं होतं. मुसळ म्हणालं, "मी मारला ठोका, तर शेंगेचा होईल भुगा. उखळ भरेल पाण्यानं, तर शेंग येईल तरंगत."

पाऊस पडत होता भुरभुर भुरभुर. नुसती मिशी ओली.

"पावसा, पावसा, जोरात पड. उखळ भरेना, शेंग तरंगेना."

पाऊस म्हणाला, "ढग दाटेल, तर मी पडेन."

टुणुक टुणुक, टेकडीवर.

"ढगा, ढगा, दाटून ये. पाऊस पडेना, उखळ भरेना, शेंग तरंगेना."

ढग म्हणाला, "वारा ढकलेल, तर मी दाटेन."

टुणुक टुणुक, बांबूच्या बेटात. वारा झोपला होता.

"वाऱ्या, वाऱ्या, ऊठ की रे. ढग दाटेना, पाऊस पडेना, उखळ भरेना, शेंग तरंगेना."

वारा म्हणाला, "सूप हलेल, तर मी उठेन."

टुणुक टुणुक, गिरजाकाकूच्या पडवीत.

"काकू, काकू, सूप हलव. वारा उठेना, ढग दाटेना, पाऊस पडेना, उखळ भरेना, शेंग तरंगेना."

काकू म्हणाली, "कशी हलवू गं बाई? बाळ रडतंय माझं. भिवा हसेल, तर मी पाखडेन."

"भिवा, भिवा, हस की रे. सूप हलेना, वारा उठेना, ढग दाटेना, पाऊस पडेना, उखळ भरेना, शेंग तरंगेना."

भिवा म्हणाला, "ट्यां."

मग पिटुकलीनं स्वतःचीच शेपटी धरली तोंडात. फिरली गरगर गरगर. आणि बसली धपकन.

भिवा हसला, खुदुखुदु.
सूप हललं, फटक फटक.
वारा उठला, सूं सूं.
ढग दाटला, गुडुम गुडुम.

पाऊस म्हणाला, "पडतो. पण धार केवढी सोडू? शेपटीएवढी?"

शेपटीएवढ्या धारेनं उखळ कधी भरायचं? पिटुकली पळाली. तिनं मुसळाला मिठी मारली. मुसळ मिठीत मावेना.

"एवढी जाड," ती म्हणाली.

आणि पाऊस पडला तस्साच. धो धो, धो धो.

काकू म्हणाली, "अगं बाई, केवढा मुसळधार पाऊस हा!"

उखळ भरलं, बुडबुड बुडबुड.
शेंग तरंगली, डुलत डुलत.

काकूनं सूप धरलं पिटुकलीच्या डोक्यावर. सुपाखाली बसून पिटुकलीनं शेंग खाल्ली, कुरुम कुरुम. भिवा बघत होता नि हसत होता.

शेंग गेली पोटात, गोष्ट राहिली ओठांत.