न जुळलेला पाऊस

एकदा एका शिष्येने पावसाला सूत्रात बांधले. पठारावरच्या रडारला ढग दिसत, पण ढग दिसणे वेगळे आणि त्यातून किती पाणी पडले हे सांगणे वेगळे. रडारने सोडलेल्या लहरी थेंबांवर आपटून परत येतात आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधावा लागतो. त्या अंदाजाचे सूत्र तिने दोन वर्षे खपून बसवले होते. एकोणचाळीस गावांतल्या पर्जन्यमापकांशी तिचे आकडे असे जुळत होते की कोणालाही हेवा वाटावा. सोमवारी अहवाल द्यायचा होता. तो मान्य झाला की नदीओढ्यांकाठच्या वस्त्यांना पुराचा इशारा द्यायचा की नाही, हे तिच्या आकड्यांवरूनच ठरणार होते.

शुक्रवारी ती अहवाल घेऊन आपल्या आचार्यांकडे गेली. उभे आयुष्य पाऊस मोजण्यात गेल्यामुळे हे वृद्ध गृहस्थ पावसाविषयी फार कमी बोलत. त्यांनी चष्मा पुसला, लाल पेन्सिल काढली आणि एकामागून एक एकोणचाळीस गावांवर काट मारली. यादीच्या तळाशी चाळिसावे गाव होते आणि त्यापुढे तिनेच लिहिलेला शेरा होता : मापक सदोष, वगळले. त्या एका नावाभोवती त्यांनी गोल काढला.

शिष्येच्या डोळ्यांत पाणी यायचेच काय ते बाकी राहिले. "सर, तेच तर एक गाव चुकीचं आहे. तिथला आकडा रडारच्या चौपट येतो. मी दोनदा पत्रं पाठवली, तरी फरक नाही."

"उद्या जाऊन येऊ. छत्री घे," आचार्य म्हणाले, आणि निवलेला चहा पिऊ लागले.

म्हाताऱ्यांचा हट्ट पुरवावा लागतो अशी स्वतःची समजूत घालून ती निघाली. गाव डोंगराच्या पलीकडे, खोल दरीत होते. तिथल्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक होता, आणि त्याची नोंद ठेवत होत्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सगुणाबाई. साहेबलोक आलेले पाहून त्यांनी पदर सावरला. पत्रांचा विषय त्यांनीच काढला.

"रोज साडेआठाला, चूल पेटवायच्या आदी मोजते बगा. तुमी लिवलं आकडा जास्ती हाय. आता कागदावर कमी लिवीन मी, पर बाटलीतलं पानी कमी कसं करू?"

शिष्या नोंदवहीतले जुने आकडे चाळू लागली. आचार्यांनी मात्र मापकावर झाड तर झुकलेले नाही ना, नरसाळे तिरके तर नाही ना, हे सारे निरखून पाहिले. मग पिशवीतून स्वतःचा मापक काढून त्यांनी तो दहा हातांवर ठेवला. साडेनऊला पाऊस आला. एक तास तो असा कोसळला की ओसरीवर उभ्या असलेल्यांना समोरची विहीर दिसेना. ओसरल्यावर दोन्ही बाटल्या मोजल्या. दोन्हीत पंचेचाळीस मिलिमीटर पाणी भरले.

"रडारवाल्यांना विचार," आचार्य म्हणाले.

तिने फोन लावला. पलीकडचा सहकारी पडदा पाहून म्हणाला, "त्या गावावर? तासभर बारीक रिमझिम आहे. का गं?"

ती ओलसर पायरीवर तशीच बसली. आचार्य तिच्या शेजारी बसले.

"एकोणचाळीस गावं जुळली, कारण सूत्र तू त्यांच्यावरूनच बेतलंस. ज्याच्या मापानं अंगरखा शिवला, त्यालाच तो घालून 'बसतो ना?' असं विचारण्यासारखं आहे ते. बसणारच. तुझी परीक्षा घेऊ शकेल असं एकच गाव होतं, आणि तू त्यालाच खोडलंस. मापक खोटा निघाला असता तर मी तसं बाईंना सांगितलं असतं. म्हणूनच हा दुसरा आणला. पण रडार सरळ रेषेत बघतं. मध्ये डोंगर आला की त्याची नजर वरून निघून जाते, आणि इथला ढग तर बघ, कौलांना टेकलाय."

"मग माझं सूत्र वाया गेलं?"

"मोकळ्या पठारावर चालेलही. न पाहिलेल्या गावांत तपासून बघ. इथं मात्र चालत नाही, एवढं आज कळलं."

तिला लाज वाटली, पण लाजेहून कितीतरी अधिक हायसे वाटले. अहवाल सोमवारी जायचा होता आणि आज शनिवार होता. तिने उठून सगुणाबाईंची माफी मागितली. त्यांनी तिच्या हातात खिचडीची ताटली दिली.

अहवालात नवे वाक्य आले : डोंगरामागच्या या दरीसाठी रडारचा अंदाज धरू नये, सगुणाबाईंचा आकडा धरावा. सरकारी कागदात स्वयंपाकिणीचे नाव पाहून वरिष्ठ हसले, पण वाक्य राहिले.

पंधरा दिवसांनी भर दुपारी सगुणाबाईंचा फोन आला. "ताई, सकाळधरनं मापी धा डाव भरली. लक्षन काय बरं दिसंना."

पडद्यावर दरीत रिमझिमच दिसत होती. शिष्येने क्षणाचाही विचार न करता इशारा पाठवला. ओढ्याकाठची वाडी गुराढोरांसह वर शाळेत आली. चार वाजता ओढा वाडीत शिरला. तासभर तिने फोन हातातून खाली ठेवला नाही. अखेर तो वाजला.

"समदी हायती. मोजून घेतली. खिचडी टाकलीया, जरा जास्तीची."

शिष्येने हे शब्द जसेच्या तसे आचार्यांना सांगितले, आणि सांगता सांगता तिला रडू आले. आचार्यांनी आपली लाल पेन्सिल तिच्या टेबलावर ठेवली आणि छत्री शोधू लागले.