जिलेबीसारखं घरटं

फार पूर्वी ओढ्याकाठच्या बाभळीवर एक सुगरण पक्षी राहत होता. घरटं विणण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. एकदा जत्रेत त्याने हलवायाच्या कढईतली जिलेबी पाहिली आणि तिच्या वळणांनी त्याला वेडच लावलं. त्याने तसंच घरटं विणलं.

"अहो, याला तळच नाही. अंडी कुठं घालू?" मादीने विचारलं.

"वळणं बघ की! तळ विणला तर सगळा आकार बिघडेल."

तिचे दिवस भरले होते. नाइलाजाने तिने त्या वेढ्यांच्या बेचक्यात अंडी घातली. दुपारी वारा सुटला आणि अंडी खालच्या खडकावर फुटली.

मादी आक्रोश करत खाली झेपावली. मागोमाग तोही आला. खडकावर बलक हळूहळू पसरत होता.

"किती सुरेख गोल!" तो पुटपुटला.

मादीचं रडणं थांबलं. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती उडून गेली, ती कायमचीच.