न सांडलेले पाणी

“...मग माणसाने पहिले मरण कोणत्या वयात पाहावे, बुवा? आपणच सांगा.”

केदारबुवा खिंडीतल्या आपल्या मठाच्या ओट्यावर बसले होते. ते धुनीतली राख हाताने सारखी करीत होते.

प्रश्न विचारणारे गृहस्थ होते निरंजन टिपणीस, खिंडीखालच्या सैनिकी निवासी विद्यालयाचे प्राचार्य. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबण्याची त्यांना सवय नव्हती.

“चौदाव्या वर्षी? सोळाव्या?” तेच पुढे म्हणाले. “की डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना एकदम रणांगणावरच सोडायचे?”

“बसा, गुरुजी.”

“प्राचार्य.”

“तेच ते. बसा.”

टिपणीस बसले. बसण्यापूर्वी त्यांनी रुमालाने ओटा झटकला आणि हातातला टंकलिखित कागद गुडघ्यावर ठेवला. त्याच्या तळाशी बुवांच्या स्वाक्षरीपुरती जागा मोकळी होती.

गोष्ट अशी होती. दुसऱ्या दिवशी सायंकाळी विद्यालयाच्या पटांगणात युद्धावरचा एक चित्रपट दाखवायचे ठरले होते. प्रेक्षक म्हणून नववीपासून बारावीपर्यंतची तीनशे मुले-मुली बसणार होती. चित्रपट अतिशय रक्तरंजित होता. लहानांनी तो पालकांच्या अनुमतीनेच पाहावा, असे त्याच्या प्रमाणपत्रावरच लिहिले होते. बहुतेकांचे वडील सीमेवर असल्याने अनुमती मातांकडून घ्यायची होती, आणि साऱ्या माता एकाच वाक्यावर अडून बसल्या होत्या : बुवा हो म्हणाले, तर आमची हरकत नाही.

“त्या बायकांना काय सांगावे!” टिपणीस म्हणाले. “ती विजयमाला खरात, हवालदाराची पत्नी, भर सभेत उठून मला म्हणते, ‘सर, तुमच्या पडद्यावर मेलेला माणूस संध्याकाळी उठून चहा पितो. आमच्याकडं तसं नसतं.’ साऱ्या हसल्या.”

“तुम्ही हसलात?”

“मी? छे.”

“चित्रपट तुम्ही पाहिलात?”

“दोनदा. पहिल्यांदा एकट्याने. दुसऱ्यांदा माझी मुलगी शेजारी होती. शर्वाणी. नववीत आहे.”

“ती काय म्हणाली?”

“तेच तर सांगायचे आहे!” टिपणिसांचा चेहरा उजळला. “काहीही नाही. अडीच तासांत तिची पापणी लवली नाही. माझ्यापाशी दुसरे प्रमाण नाही आणि मला ते नकोही. खाली गाडीत बसली आहे, हवी तर बोलावतो.”

राखेवर फिरणारा बुवांचा हात थांबला.

“नको,” ते म्हणाले. “बसू द्या तिला... लहानपणापासून अशीच आहे?”

“घडवली, बुवा. सहा वर्षांची असताना तिच्या हातून दुधाचा पेला सांडला आणि ती रडू लागली. मी एकदाच बोललो. एकदाच. त्यानंतर तिच्या हातून काही सांडले नाही, आणि ती रडलीही नाही.”

अंगणातून एक माणूस गेला. चाळिशीचा, धिप्पाड, दाढी नीट राखलेला. खांद्यावर तांब्याचा हंडा होता, तोंडापर्यंत भरलेला. कातळातल्या टाक्यापासून मठाच्या दारापर्यंतची वाट चढणीची आणि खडबडीत होती, तरी हंड्यातले पाणी आरशासारखे निश्चल होते. टिपणिसांना पाहून तो मंद हसला.

“पाहा,” टिपणीस त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले. “याला म्हणतात शिस्त. एक थेंब नाही. माझी मुले मला अशी हवी आहेत.”

बुवा उठून आत गेले आणि काशाचा एक उथळ वाडगा घेऊन आले.

त्या वाडग्याविषयी पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक होते. या खेड्यांतला जवान लढाईहून परतला, की आधी घरी जात नसे. आधी मठात येई. बुवा त्याच्या हातात काठोकाठ भरलेला वाडगा देत आणि एकच प्रश्न विचारीत : काय पाहिलेस? त्याने वाडगा धरून सारे सांगायचे. पुढचा निर्णय पाण्यावरून होई. काय पाहून काय ठरते, ते मात्र आत बसलेल्या दोघांनाच ठाऊक असे.

टिपणीस हसले. “माझी परीक्षा?”

“तुम्ही लढाई पाहून आलात ना? दोनदा.”

“मी ऐकून आहे हा नेम. ज्याचा हात स्थिर, तो घरी जायला मोकळा.”

“धरा.”

बुवांनी तांब्यातून पाणी ओतले. ते काठाशी आले. काठाच्याही किंचित वर फुगून थांबले. टिपणिसांनी दोन्ही तळव्यांवर वाडगा घेतला. पाठ ताठ केली.

“काय पाहिलंत?”

टिपणीस सांगू लागले. वर्गात सांगावे तसे, मुद्देसूद. नदीकाठचे गाव. पहाटेचे धुके. पहिला तोफगोळा शाळेच्या छपरावर. धावणारी माणसे, मग न धावणारी माणसे.

“किती?”

“पहिल्या प्रसंगात बेचाळीस.”

“मोजलीत?”

“मोजावी लागतात. आक्षेप घेणाऱ्यांना उत्तर द्यायचे असते.”

पाणी हलले नाही.

मग त्यांनी घराघरांतला शोध सांगितला. एका घरात सैनिक शिरतो. कणगीमागे कोणीतरी श्वास रोखून बसले आहे. सैनिकाला तो रोखलेला श्वास ऐकू येतो. कणगीमागे कोण आहे, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, सैनिकाला नसते. तो विचारीत नाही... टिपणिसांनी तेही सांगितले. एकाही शब्दावर ते अडखळले नाहीत.

बुवा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते. ते केवळ पाण्याकडे पाहत होते.

“इथे तुमची मुलगी काय करत होती?”

“इथे?” टिपणिसांना कौतुकाचे हसू आले. “इथेच तर तिने मला थांबवले. म्हणाली, ‘बाबा, मागे घ्या ना.’ तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला.”

“का?”

“कणगीमागून पडणाऱ्या माणसाचा हात आधी खाली येतो की मान, ते तिला नीट पाहायचे होते. पहिल्यांदा लक्षात आले नव्हते. तीनदा पाहिले आम्ही. केवढी निरीक्षणशक्ती!”

“मग? काय आधी येतं?”

“हात.”

वाऱ्याची झुळूक आली. धुनीतली राख थोडी उडाली. वाडग्यातल्या पाण्यावर तिचा एक कण पडला आणि जागच्या जागी राहिला.

टिपणिसांनी शेवटापर्यंत सारे सांगितले. संपल्यावर वाडगा किंचित पुढे करून म्हणाले, “पाहा. थेंबही नाही. आता स्वाक्षरी व्हावी.”

बुवांनी वाडगा घेतला नाही. ते बसल्या जागी मागे सरले, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.

टिपणिसांनी प्रथमच त्यांच्या मुद्रेकडे नीट पाहिले. सत्तरी उलटलेला तो माणूस घाबरला होता.

“बुवा?”

“नेम तुम्ही कुणाकडून ऐकलात?”

“सारेच सांगतात. हात स्थिर असेल तर...”

“तो जुना नेम. माझ्या गुरूंच्या काळातला.”

“आणि आता?”

बुवा अंगणाकडे पाहत होते. तो माणूस रिकामा हंडा घेऊन परत टाक्याकडे निघाला होता. दोघांच्या समोरून जाताना तो पुन्हा हसला, मघाइतकेच, मघासारखेच.

“माझा थोरला भाऊ लढाईहून आला,” बुवा म्हणाले. “दौलत. मी अकरा वर्षांचा होतो. याच ओट्यावर त्यानं वाडगा धरला. सारं सांगितलं, तुमच्यासारखंच. मोजून. एक थेंब सांडला नाही. गुरू म्हणाले, जा, सुखानं घरी जा. गावानं हलगी लावली. त्याच्यापुढं मी नाचत गेलो.”

ते थांबले.

“मग?”

“नवव्या दिवशी तो जेवायला बसला होता. आईच्या हातून ताकाचं भांडं पडलं. मोठा आवाज झाला.”

“मग?”

“मग... आवाज झाला नाही. आई पुन्हा उठली नाही.”

बुवांची नजर मठाच्या दाराकडे गेली.

“मी दाराआड होतो. श्वास रोखून. तो पुन्हा पाटावर बसला. पानातला भात संपवला. त्याचा हात मी पाहत होतो, गुरुजी. तेव्हाही हलला नाही.”

दूरवर टाक्यात हंडा बुडल्याचा आवाज आला.

“गुरूंनी त्या दिवशी हा वाडगा पालथा घातला, तो मरेपर्यंत उचलला नाही. मी उचलला. पण नेम फिरवला. आता ज्याचं पाणी सांडतं, त्याला मी घरी पाठवतो. ज्याचं सांडत नाही, त्याला इथं ठेवून घेतो.”

“...किती दिवस?”

“सांडेपर्यंत.”

“आणि सांडलेच नाही, तर?”

बुवांनी हनुवटीने टाक्याकडे खूण केली. “त्याला सहा वर्षं झाली. आम्ही वाट इतकी खडबडीत ठेवलीय. तरी...”

टिपणिसांनी त्या माणसाकडे पाहिले. मग हातातल्या पाण्याकडे. राखेचा कण अजून मधोमध होता, टाचणीने टोचल्यासारखा.

“पण माझे वेगळे आहे,” ते घाईने म्हणाले. “मी काही लढाईत नव्हतो. तो केवळ एक चित्रपट...”

“होय.”

“ते रक्त खोटे होते. ती माणसे संध्याकाळी उठून...” ते थांबले. खरातबाईंचे वाक्य त्यांच्या तोंडी येऊन अर्धे राहिले.

“होय,” बुवा पुन्हा म्हणाले. “रक्त खोटं होतं. तुमची मुलगी खोटी होती का?”

टिपणिसांच्या डोळ्यांपुढे आता पडदा नव्हता. पडद्याच्या उजेडात उजळलेला एक चेहरा होता. दोन्ही वेळा त्यांनी केवळ पडदा पाहिला होता. शेजारी ते एकदाच वळले होते. ‘मागे घ्या ना’ असे ती म्हणाली तेव्हा. ते डोळे त्यांना आता आठवले. त्यांत कुतूहल होते. आणखी काही होते का, हे आठवण्याचा त्यांनी प्रयत्न केला... नव्हते.

आणि घरी, रोज रात्री, ती त्यांच्या समोरच्या पाटावर जेवायला बसत होती. काहीही न सांडता.

आधी राखेचा कण हलला. मग पाण्याची एक बारीक कड वाडग्यावरून ओघळली आणि मनगटावरून कोपरापर्यंत गेली. टिपणिसांनी वाडगा घट्ट धरण्याचा प्रयत्न केला. तो जसजसा घट्ट धरावा, तसतसे पाणी अधिक सांडू लागले. ते गुडघ्यावर सांडले, कागदावर सांडले. स्वाक्षरीसाठी राखलेली जागा भिजली, आणि वरची अक्षरे हळूहळू तिच्यात उतरू लागली.

“सांडले,” ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. “बुवा... सांडले.”

“पाहिलं मी.”

बुवा भिंतीपासून पुढे आले. रिकामा वाडगा त्यांनी टिपणिसांच्या हातांतून सोडवून घेतला. हात थरथरत होते. बुवांनी ते थांबवण्याचा प्रयत्न केला नाही.

“उद्याचा खेळ मी थांबवतो,” टिपणीस म्हणाले. “आजच. जाताच सूचना लावतो. तीनशे मुले...”

“तीनशेंचं नंतर. गाडीत एक बसलीय.”

खिंडीतली सावली ओट्याच्या पायरीशी आली होती. खाली, वळणावर, गाडीचे छत चकाकत होते. तिच्या काचा बंद होत्या. आत कोणी हलताना दिसत नव्हते.

बुवांनी उपरण्याने वाडगा पुसला. तांब्या भरला. दोन्ही वस्तू टिपणिसांपुढे ठेवल्या.

“खाली घेऊन जा. तिच्या हातात वाडगा द्या. मग भरा, काठोकाठ. आणि विचारा.”

“काय विचारू?”

“काय पाहिलंस.”

टिपणीस उभे राहिले. भिजलेला कागद ओट्यावरच राहिला. तो उचलण्याचे त्यांना सुचले नाही. दोन पायऱ्या उतरून ते थांबले. तिसऱ्या पायरीवर पाय ठेवण्याचे धैर्य त्यांना होईना.

“आणि तिचे सांडले नाही, तर?”

बुवा वाटेकडे पाहत राहिले.

टाक्याकडून तो धिप्पाड माणूस वर येत होता. हंडा भरलेला होता. एका सैल धोंड्यावर त्याचा पाय पडला, धोंडा उतारावरून गडगडत खाली गेला; हंड्यातले आकाश तसेच राहिले.

“बुवा... नाही सांडले, तर?”

केदारबुवांनी त्या माणसाला वाट दिली. तो आत जाईपर्यंत ते थांबले. मग पायरीवर उभ्या असलेल्या बापाकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले,

“सांडलं, तर तिला रागावू नका.”