दोर दोघांचा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या, की ती ज्या राज्यात घडली त्याचे नावही आता कुणाला सांगता येत नाही. तिथल्या लोकांना मुष्टियुद्धाचे भारी वेड होते, एवढे मात्र सगळे सांगतात.

दरवर्षी सुगी संपली की राजधानीच्या वेशीबाहेर जत्रा भरायची आणि जत्रेत मुठींच्या लढती व्हायच्या. त्यांचे रिंगण मोठे गमतीचे होते. त्याला ना खुंट होते, ना कुंपण. एक जाड दोर असायचा आणि तो हातात धरून माणसे गोल उभी राहायची. ही माणसेही कोणी उचलून आणलेली नसत. विजेत्याने आजवर ज्यांना ज्यांना हरवले, त्यांनीच त्याच्या पुढच्या लढतीत दोर धरायचा, असा तिथला रिवाज होता.

आता यातली मेख बघा. विजेता जितका जास्त जिंकेल, तितके दोर धरणारे वाढत आणि तितके रिंगण मोठे होई. म्हणजे पाय तरुण असताना धावायला जागा कमी, आणि पाय थकायला लागले की जागा ही एवढी. ज्याने हा रिवाज घालून दिला तो खट्याळ असला पाहिजे.

नियम दोनच होते. ढोल लढत सुरू करताना वाजे आणि कुणी खाली पडला की पुन्हा वाजे; तो थांबेपर्यंत पडलेला माणूस उठला नाही तर तो हरला. आणि दोराबाहेर जमिनीला ज्याचे अंग लागले तोही हरला. पाठ दोराला टेकली तर हरकत नव्हती. उलट चांगला ताणलेला दोर माणसाला सावरून पुन्हा आत लोटायचा.

अशा या राज्यात पोहे कांडून पोट भरणाऱ्या एका बाईचा मुलगा विजेता झाला. लहानपणापासून आईबरोबर मुसळ उचलून उचलून त्याचे दंड आणि मनगटे लोखंडासारखी झाली होती. म्हणून लोक त्याला मुसळ्या म्हणत. आधी चिडवायला म्हणत, नंतर घाबरून म्हणू लागले. आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या मुठींना गुंडाळून तो रिंगणात उतरला, की समोरच्याचा निम्मा जीव तिथेच जायचा.

एकेका जत्रेत कितीतरी गडी लोळवत मुसळ्या एक जत्रा जिंकला, दोन जिंकला, जिंकतच गेला. त्या राज्यात जो सलग बारा जत्रा जिंकेल त्याची मूठ वेशीच्या दगडात कोरली जायची. वेशीवर अशा मोजक्याच मुठी होत्या. येता-जाता मुसळ्या त्यांच्याकडे बघायचा आणि शेजारच्या कोऱ्या दगडावरून हात फिरवायचा. त्याला त्या दगडावाचून दुसरे काही दिसेनासे झाले होते.

हरलेल्यांची मात्र तो टिंगल करायचा. दोर धरून उभे असलेल्यांना तो ‘माझे खुंट’ म्हणायचा. लढतीआधी मोठ्या आवाजात सांगायचा, “खुंटांनो, जरा सरकून जागा करा. आणखी एक येतोय तुमच्यात.” जत्रा हसायची. दोर धरणारे हसत नसत, पण त्यांच्याकडे बघतो कोण?

अकराव्या जत्रेत मुसळ्याला याची किंमत कळली. समोरचा गडी काही फार तगडा नव्हता. त्याच्या एका धक्क्याने मुसळ्या मागे गेला, आता दोर आपल्याला सावरेल अशा भरवशाने त्याने पाठ टाकली, आणि पाठीमागे दोर नव्हताच. म्हणजे होता, पण ओल्या वातीसारखा सैल. मुसळ्या कमरेत वाकून बाहेर गेला. त्याचे केस धुळीला टेकणार तेवढ्यात त्याने दोन्ही हातांनी दोर पकडला आणि जीव खाऊन स्वतःला आत ओढले. लढत तो कसाबसा जिंकला.

तो तणतणत राजाकडे गेला. “महाराज, त्यांनी दोर मुद्दाम सैल सोडला.”

राजा म्हातारा होता आणि त्याने असले पुष्कळ पाहिले होते. तो म्हणाला, “दोर धरा, असा हुकूम मी देऊ शकतो. मनापासून धरा, असा हुकूम कसा देऊ?”

प्रधान जवळच उभा होता. तो म्हणाला, “त्यात काय एवढं? पुढच्या जत्रेला आपण जमिनीत खुंट ठोकू आणि दोर बांधून टाकू. हवं तेवढं लहान रिंगण करू. तुझी मूठ वेशीवर लागलीच समज.”

मुसळ्याला मोह झाला नाही असे नाही. पण माणूस हट्टी होता आणि हट्ट कधीकधी कामाला येतो. तो म्हणाला, “खुंटांच्या जिवावर जिंकलो, तर वेशीवर खुंटच कोरावा लागेल. रिंगण आहे तसंच राहू द्या. दोर कसा ताणून घ्यायचा ते मी बघतो.”

त्याने बघितले ते असे, की प्रत्येक दोर धरणाऱ्याच्या घरी एकेक भरजरी फेटा पाठवून दिला. सगळ्यांनी फेटे ठेवून घेतले. “धरू की,” असे सगळे म्हणाले. त्या ‘धरू की’मध्ये काही दम नाही, हे मुसळ्यालाही कळले. त्याने आईजवळ येऊन सगळे सांगितले.

आई अजूनही पोहे कांडत होती. मुसळ न थांबवता तिने विचारले, “फेटे वाटलेस होय? मग तू सगळ्यांना डोक्यावरच मारलं होतंस का?”

“तसं कसं? कुणाला कुठं, कुणाला कुठं.”

“कुणाला कुठं?”

मुसळ्याने आठवून पाहिले. त्याला आपले सगळे विजय पाठ होते. पण कोणता ठोसा कुणाला कुठे बसला, आणि त्याचे पुढे काय झाले, हे त्याला एकाचेही सांगता येईना.

“मग जा आणि विचारून ये,” आई म्हणाली. “आणि आता रिकाम्या हातानं जा.”

दुसऱ्या दिवशी मुसळ्या निघाला. पहिल्यांदा तो एका विणकराकडे गेला. विणकराने उजव्या हाताची दोन बोटे दाखवली. ती वाकत नव्हती. “मागावर धागा तुटला तरी या बोटांना कळत नाही. हातभर कापड पुढं गेल्यावर दिसतं, मग सगळं उसवायचं,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळे मुसळ्याला जास्तच लाज वाटली. तो तिथेच बसला आणि दिवस मावळेपर्यंत धाग्यावर नजर ठेवून तुटला की सांगत राहिला.

मग तो एका सनईवाल्याकडे गेला. त्याचे पुढचे दात नव्हते. “फुंक निसटते,” सनईवाला म्हणाला. “आता लग्नात डफ वाजवतो. डफ काय, कुणीही वाजवतं.” मुसळ्या तसाच परतला. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. शेवटी सनईवालाच म्हणाला, “एक सांगू का? डावा ठोसा टाकण्याआधी तू श्वास रोखतोस. मला तो ऐकू आला होता. फक्त मला बाजूला व्हायला उशीर झाला.”

अकरा वर्षांत हे मुसळ्याला कुणी सांगितले नव्हते. सांगणार कोण? त्याची वाहवा करणारे लांब उभे असत. त्याला अगदी जवळून पाहिले होते ते या हरलेल्या माणसांनी, आणि त्यांना तो खुंट म्हणत आला होता.

त्या वर्षी मुसळ्या राज्यातली गावे पायी पालथी घालत राहिला. कुणाच्या विहिरीचे पाणी ओढले, कुणाची मेंढरे राखली, कुणाच्या ओसरीवर नुसताच बसून शिव्या खाल्ल्या. चालून चालून त्याचे पायही पुन्हा घट्ट झाले. काही जण लवकर विरघळले, काही उशिरा. एक तेली मात्र विरघळला नाही.

मुसळ्याच्या ठोशाने त्या तेल्याचा जबडा कायमचा वाकडा झाला होता. भाकरी चावायलासुद्धा त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागायचा. घाणा फिरत होता आणि तो मुसळ्याकडे न बघता म्हणाला, “हे बघ, मला गोड बोलता येत नाही. तू माझ्या बाजूला आलास तर मी दोर सोडणार. आधीच सांगतो.”

“बरं,” मुसळ्या म्हणाला.

“बरं काय बरं?”

“लढत सुरू होताना मी तुझ्या बाजूलाच उभा राहीन, तुझ्याकडं पाठ करून. तोंडावर सांगून सोडणारा निदान कुठं उभा आहे ते तरी माहीत असतं.”

तेली घाण्याकडे वळला. मुसळ्या घरी परतला तेव्हा त्याच्या मनात भीती होती, पण बोलला शब्द त्याने फिरवला नाही.

बारावी जत्रा आली. रिंगण एवढे मोठे झाले होते की जत्रेतली निम्मी दुकाने हलवावी लागली. आव्हान द्यायला नदीकाठचा एक तरुण नावाडी आला होता, चपळ आणि न बोलणारा. मुसळ्या ठरल्याप्रमाणे तेल्याकडे पाठ करून उभा राहिला. ढोल वाजला.

नावाडी त्या ऐसपैस रिंगणात माशासारखा फिरत राहिला. मुसळ्या हात टाकी तोवर तो भलतीकडेच असायचा. पण या वेळी मुसळ्या श्वास रोखत नव्हता, त्यामुळे त्याचा डावा ठोसाही नावाड्याला आधी ओळखू येत नव्हता. दोघांनी एकमेकांना चांगलेच झोडपले. मग नावाड्याचा एक ठोसा मुसळ्याच्या छातीवर असा बसला, की तो धडपडत मागे गेला, तो थेट तेल्याच्या अंगावर.

त्याला तेल्याचे शब्द आठवले आणि सगळे संपले असे वाटले. पण पाठीला लागलेला दोर ताठ होता. तेल्याने पाय रोवले होते आणि वाकडा जबडा आवळून तो दोर ओढून उभा होता. दोराने मुसळ्याला आत लोटले.

“हे तुझ्यासाठी नाही,” तेली मागून पुटपुटला. “दोर सोडून तुला पाडलं, तर मी तुला हरवलं असं होत नाही.”

मुसळ्याला दहा हत्तींचे बळ आले. त्याने नावाड्याला ठोशांवर ठोसे देत रिंगणाच्या दुसऱ्या टोकाला रेटत नेले. त्या टोकाला विणकर उभा होता, सनईवाला उभा होता, वर्षभरात मुसळ्यावर जीव जडलेली सगळी माणसे उभी होती. मुसळ्याचा शेवटचा ठोसा बसला आणि नावाड्याने दोरावर पाठ टाकली.

आणि त्या माणसांनी दोर सैल सोडला.

त्यांनी तो मुसळ्यासाठी सोडला होता, प्रेमापोटी. नावाड्याचे पाय उचलले गेले. त्याच्या तोंडावर जे दिसले ते मुसळ्याने ओळखले, कारण मागच्या वर्षी दोर सैल निघाला तेव्हा त्यालाही तीच भीती वाटली होती. वेशीचा दगड तिथून स्पष्ट दिसत होता. हात खाली ठेवून नुसते उभे राहायचे, एवढेच त्याला करायचे होते.

मुसळ्याने झेप घेतली, नावाड्याचे मनगट धरले आणि त्याला आत ओढले.

मुसळ्या आपल्या माणसांकडे वळला. त्याला राग आला होता आणि रडूही येत होते. “दोर दोघांचा आहे,” तो म्हणाला. “घट्ट धरा.”

विणकराने मान खाली घातली आणि दोर मुठीला गुंडाळून घेतला. एकेक करून सगळ्यांनी दोर ताणला. लढत पुन्हा सुरू झाली. नावाडी तरुण होता, त्याचा दम लवकर परत आला. मुसळ्याने होते नव्हते ते सगळे पणाला लावले, तरी अखेर तो खाली पडला आणि ढोल थांबेपर्यंत त्याला उठता आले नाही.

नावाड्यानेच त्याला हात देऊन उठवले. “मला आत का ओढलंत?” त्याने विचारले.

“पाठीमागचा दोर सैल निघाला की कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे,” मुसळ्या म्हणाला. “तसं करून मिळालेली मूठ मला वेशीवर बघवली नसती.”

मग तो रिवाजाप्रमाणे दोराकडे गेला. कुठे उभे राहावे ते त्याला कळेना. तेव्हा तेली थोडा सरकला आणि त्याने शेजारी जागा करून दिली. मुसळ्याने दोर धरला. त्यानंतर अंगात ताकद होती तोवर प्रत्येक जत्रेला तो तिथेच उभा राहिला आणि कोण लढतो आहे हे न बघता दोर ताणून धरत राहिला. नव्या विजेत्याने हरलेल्यांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करायची, ही पद्धतही तेव्हापासूनच पडली. ती पहिल्यांदा त्या नावाड्याने पाळली.

वेशीच्या दगडात मुसळ्याची मूठ कधीच कोरली गेली नाही. ज्यांच्या कोरल्या गेल्या, त्या मुठी पुढे झिजून सारख्याच दिसू लागल्या आणि कोणती कुणाची हे सांगणारे कुणी उरले नाही. पण राज्याचे नाव विसरले गेले तरी तिथल्या जत्रेत अजूनही ढोल वाजण्याआधी दवंडीवाला पुढे येतो आणि मोठ्याने म्हणतो, “दोर दोघांचा आहे. घट्ट धरा.” हे शब्द कुणाचे, ते तिथे लहान मुलांनाही ठाऊक आहे.

तात्पर्य : आपल्या पाठीशी असावा असे वाटणारा आधार जो प्रतिस्पर्ध्याच्याही पाठीशी उभा करतो, तो हरला तरी विजेताच असतो.