दारातला आंबा

फार पूर्वी, माणसं घाट पायी चढत तेव्हाची ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकून हसू नये. मोठ्यांनी तर मुळीच हसू नये.

घाटाच्या पायथ्याशी एका म्हाताऱ्याची खाणावळ होती. सकाळी वाटसरू न्याहारीला बसत. पानावर गरम भाकरी, लोण्याचा गोळा आणि गुळांबा पडे. खाणावळीच्या दारात आंब्याचं मोठं झाड होतं. म्हाताऱ्यानं ते स्वतः कोय पुरून वाढवलं होतं.

त्या झाडाला पहिल्यांदा मोहोर आला, त्या वर्षी गारा पडल्या. मोहोर झडला. पाहुणे कोरडी भाकरी खाऊन उठले. ते म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्यानं दोन नियम केले. झाडावर एकही कैरी ठेवायची नाही, सगळ्यांचा गुळांबा करायचा. आणि नवी बरणी उघडण्याआधी जुनी संपवायची.

नियम वाईट नव्हते. पावसाळ्यात, हिवाळ्यात लोक त्याच्या गुळांब्याची वाट पाहत. पण झाडाला कैऱ्या लागल्या तरी पानावर मागच्या वर्षीचाच गुळांबा येई. नव्या कैऱ्या चुलीवर चढत आणि बरणीत जात.

झाडावर एक साळुंकी राहायची. तिला एक कोडं पडलं. ती खिडकीत येऊन बसली आणि भाकरी थापणाऱ्या सुनेला म्हणाली, "बाई, हा आंबा पिकला की गोड होतो की आंबट?"

सून थांबली. "कुणास ठाऊक. या घरात आल्यापासून मी तो पिकलेला पाहिलाच नाही."

"आणि म्हातारबानं?"

सुनेनं बाहेर जाऊन विचारलं, "मामंजी, आपला आंबा पिकल्यावर लागतो कसा?"

"आंब्याला काय चव? चव गुळाला असते आणि हाताला असते. चूल बघ."

सून आत आली. "कळलं?" तिनं साळुंकीला विचारलं.

"कळलं. त्यांनाही ठाऊक नाही."

चैत्रात मीठ आणणाऱ्या लोकांचा तांडा उतरला. खाणावळीची खरी कमाई या तांड्यावर होती. तांड्याच्या नायकानं पानाकडे पाहिलं, मग वर झाडाकडे पाहिलं.

"बाबा, डोक्यावर कैऱ्या लोंबताहेत आणि पानावर दोन सालांपूर्वीचा गुळांबा?"

"दोन सालांपूर्वीचा नाही, गेल्या सालचा. चांगला मुरलाय."

"मुरला तो गुळांबा, आम्ही नाही मुरलो अजून!" तांड्यातली माणसं हसली. नायक हसला नाही. "थंडीत मी हाच गुळांबा बोटं चाटून खाल्ला. पण आंब्याच्या दिवसांत आंबा हवा. मीठ घेऊन परत येऊ तेव्हा झाडाचं ताजं द्या. नाहीतर आमचा मुक्काम ओढ्यापलीकडे."

"माझ्या दारात माझा नियम," म्हातारा म्हणाला.

तांडा गेला. म्हाताऱ्यानं त्याच आठवड्यात झाड उतरवलं. सून म्हणाली, "मामंजी, एक फांदी तरी ठेवू या." तो म्हणाला, "आज फांदी ठेवशील, उद्या बरणी रिकामी राहील." बरण्या भरल्या. तोंडाला फडकी बांधली.

पण अगदी शेंड्याला, पानाआड, एक कैरी राहून गेली. ती फक्त साळुंकीला दिसली. तिनं चोच लावली नाही. तिला आधी कोडं सोडवायचं होतं. ती रोज जाऊन कैरीचा वास घेई. हिरवी कैरी पिवळी झाली. देठाशी लाली आली. मग एका सकाळी वारा सुटला आणि आंबा म्हाताऱ्याच्या पायाशी धपकन पडला.

म्हाताऱ्यानं तो उचलला. झाड तर आपण रिकामं केलेलं, तेव्हा हा झाडाचा असेल असं त्याच्या मनातही आलं नाही. वाटलं, कुणा वाटसरूच्या झोळीतून पडला. धनी कुठे दिसेना. अन्न वाया घालवणं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं धोतराला पुसून आंबा चोखला.

 रस कोपरापर्यंत ओघळला, तो त्यानं पुसला नाही.

"सूनबाई, बाहेर ये. असा आंबा मी जन्मात खाल्ला नाही. कुठल्या बागेतला असेल? ही कोय नीट ठेव. आपल्या दारात लावू."

फांदीवरून साळुंकी म्हणाली, "दारातच लावलाय, म्हातारबा."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. झाडावर पानंच पानं होती. मग त्यानं दारातून आत पाहिलं. फळीवर बरण्याच बरण्या होत्या. हातातली कोय त्यानं खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तांडा परत आला. नायकानं विचारलं, "बाबा, ताजं काही?"

सून मान खाली घालून उभी राहिली. म्हातारा म्हणाला, "नाही. होतं. मी बरणीत कोंडलं."

नायकानं त्याच्या हातातली कोय पाहिली. तो काही टोचून बोलला नाही. त्यानं रामराम केला आणि बैल ओढ्याकडे वळवले. म्हातारा घुंगरं ऐकू येईनाशी होईपर्यंत दारात उभा राहिला. त्या वर्षी खाणावळीची एक चूल थंड राहिली.

पुढच्या चैत्रात सुनेनं नेहमीसारखा कैऱ्या उतरवायचा झेला काढला. म्हातारा काठी घेऊन झाडाखाली येऊन बसला. "खालच्या फांद्या उतरव. गुळांबा हवाच. वरच्यांना हात लावलास तर बघ!"

वैशाखात झाडाला पाड लागला. वास ओढ्यापलीकडे गेला. वासामागून नायक आला. म्हाताऱ्यानं स्वतः त्याच्या पानावर आंबा ठेवला आणि म्हणाला, "खा. गुळांबा पावसाळ्यात मिळेल."

"आणि पहिला आंबा कुणाला?" नायकानं विचारलं.

म्हाताऱ्यानं वर बोट केलं. साळुंकी केव्हाच जेवायला बसली होती.

तात्पर्य: उद्याच्या धास्तीनं जो आजचं सगळं बरणीत कोंडतो, तो जन्मभर कालचंच खातो.