परत आलेला माल

देशी धंदा वाचावा म्हणून राजाने परदेशी मालाला बंदी घातली, आणि विणकर परदेशी जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर मालासारखी निर्यात-जकात बसवली. बंदर ओस पडलं. अधिकारी तेवढे वाढले.

एका धुकट सकाळी गलबतातून येसू विणकरणीच्या नवऱ्याचं प्रेत आलं.

“परदेशातून आलेलं काहीही उतरणार नाही. समुद्रात सोडा,” जकातप्रमुख हैबतराव म्हणाले.

येसूने जुनी पावती पुढे केली. “रावसाहेब, जाताना तुम्हीच याला देशी माल ठरवून जकात घेतलीत. न विकता परत आलेला देशी माल उतरवू द्यावा, हा नियमही तुमचाच ना?”

हैबतरावांनी प्रेताच्या कापडावर शिक्का मारला.

दुसऱ्या सकाळी धक्क्यावर नवऱ्यांच्या जुन्या पावत्या घेतलेल्या बायकांची रांग होती. धुक्यातून गलबतं येतच होती.